गालावरची जुनी गाठ अचानक लाल होऊन ठणकायला लागलीय, हे इन्फेक्शन आहे का? फोडायची का?

खोडरबर:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

माझ्या उजव्या गालावर, कानाच्या थोडं पुढे, बरीच वर्षं एक छोटी गाठ आहे. दुखायची नाही, खाजायची नाही, बोटाने ढकलली की कातडीखाली इकडेतिकडे सरकायची आणि बरोब्बर मधोमध एक बारीक काळा ठिपका. कधीतरी आंघोळीनंतर त्यातून पांढरट घट्ट काहीतरी बाहेर यायचं आणि त्याला इतका घाण वास की विचारू नका. मागे एकदा दुसऱ्या कामासाठी डॉक्टरांकडे गेले होते तेव्हा दाखवली तर ते म्हणाले सिस्ट आहे, त्रास नसेल तर राहू दे. मग राहू दिली.

आता गेल्या काही दिवसांत ती अचानक फुगलीय. लालभडक, हाताला गरम लागते, आकार दुपटीच्या वर आणि रात्री तर असा ठणका लागतो की त्या कुशीवर झोपताच येत नाही. ताप नाहीये. कानाखाली हात लावला की दुखतं थोडं, अवधाण आल्यासारखं वाटतं.

घरात दोन पक्ष आहेत. बहीण म्हणते पिकू दे, मग सुई तापवून टोचू आणि सगळं दाबून काढू, मोकळी होशील. नवरा म्हणतो मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या कपाटात पडल्यात त्या घे. मी अजून दोन्ही केलं नाहीये, पण आरशासमोर उभी राहिले की हात सारखा तिकडे जातो हे खरं.

मला एवढंच कळत नाहीये की हा मोठा मुरुम आहे, गळू आहे की सिस्टलाच इन्फेक्शन झालंय आणि हे ओळखायचं कसं? आणि किती थांबायचं? चेहऱ्यावर आहे म्हणून जास्त भीती वाटतेय, डाग राहील का वगैरे.

दुपारझोप:

दाबू नका दाबू नका दाबू नका. बाकीचं नंतर.

मला कपाळावर होती अशीच, भुवईच्या वर. सुजली तेव्हा एका ठिकाणी नुसती चीर देऊन पू काढला, पट्टी बांधली, पंधरवड्यात सगळं सपाट. मी खूश. पुढे काही महिन्यांनी त्याच जागी परत टम्म! तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की आतली पिशवी तशीच राहिलीय, ती जोपर्यंत आहे तोपर्यंत ती भरत राहणार. मग सगळं शांत झाल्यावर रीतसर पिशवीसकट काढून घेतली, त्यानंतर आजतागायत काही नाही. पहिल्यांदा चीर दिली तेव्हाच कोणी हे सांगितलं असतं तर मी एवढा वैतागलो नसतो, पण तिथे मला एवढंच सांगितलं की बरं झालं, जा घरी.

शांत_कोपरा:

मला वाटतं हे केसतूड असावं. केसाच्या मुळाशी होतं ना तेच. गरम पाण्याने शेका, आपोआप तोंड पडतं आणि वाहून जातं. मला मानेवर नेहमी होतात. पण चेहऱ्यावरचं कधी झालं नाही त्यामुळे खात्रीने नाही सांगत.

साबणफेस:

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे वाचून निदान करता येत नाही हे आधीच सांगते, कोणीतरी डोळ्याने बघून हाताने चाचपायला हवंच. पण खोडरबर, तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की बरंच काही बोलता येईल.

शांत_कोपरा म्हणतात तसं केसतूडही असू शकलं असतं, पण केसतूड चार-पाच दिवसांत उगवतं, आधी तिथे काही नसतं, आणि त्याच्या टोकाशी पिवळं तोंड दिसतं. मुरुमांची मोठी गाठ असेल तर ती सहसा एकटी येत नाही, आजूबाजूला ब्लॅकहेड्स, बारीक पुळ्या, जुने डाग असं सगळं कुटुंब असतं. तुमच्या बाबतीत गाठ वर्षानुवर्षं आहे, सरकते, मधे काळा ठिपका आहे आणि वास येणारा घट्ट पांढरा माल येतो. ही एपिडर्मॉइड सिस्टची अगदी ठरलेली लक्षणं आहेत. तो काळा ठिपका म्हणजे सिस्टचं बाहेरचं तोंड. तो दिसला की आम्हाला निम्मं उत्तर मिळालेलं असतं, मात्र प्रत्येक सिस्टला तो दिसतोच असं नाही.

आतमध्ये काय चाललेलं असतं ते सांगते म्हणजे पुढचं पटेल. केसाच्या मुळाच्या वरच्या भागाचं अस्तर कातडीच्या आत अडकतं आणि त्याची बंद पिशवी तयार होते. हे अस्तर आपल्या वरच्या कातडीसारखंच असतं, म्हणजे सतत मृत पेशी टाकत राहतं. बाहेरच्या कातडीवरच्या पेशी झडून जातात, इथे जायला जागा नाही म्हणून आत साठतात. तो पांढरा घट्ट माल म्हणजे केरॅटिन, त्या मृत पेशींमधलं प्रथिन. पू नव्हे, चरबी पण नव्हे. त्यामुळे तेलकट खाल्लं म्हणून झालं, चेहरा नीट धुतला नाही म्हणून झालं असं काही नसतं, उगीच स्वतःला दोष देऊ नका.

आता लाल का झाली? इथे नव्वद टक्के लोक म्हणतात "इन्फेक्शन झालं" आणि खरं सांगायचं तर आमच्यातलेही बरेच जण तसंच म्हणून गोळ्या लिहून देतात. पण पुष्कळदा जंतूंचा त्यात फार हात नसतो. पिशवीची भिंत कुठेतरी फुटते, कधी दाबल्यामुळे, कधी मार लागून, कधी काहीच कारण नसताना, आणि ते केरॅटिन आजूबाजूच्या मांसात सांडतं. शरीराला ते परकं वाटतं, मग शरीर त्याच्यावर तुटून पडतं. लाली, सूज, गरमपणा, ठणका, सगळं त्या लढाईचं. जंतू तपासले तर अनेकदा कातडीवर एरवीही असतात तेच सापडतात. म्हणून बहिणीच्या सुईबद्दल स्पष्टच सांगते: दाबल्यावर वरून जेवढं बाहेर येतं त्याहून जास्त आत सांडतं, आणि जिथे जंतू नव्हते तिथे तुम्ही स्वतःहून त्यांना वाट करून देता. सुई कितीही तापवा.

खरं इन्फेक्शन असतं तेव्हा चित्र बदलतं. लाली गाठीपुरती न राहता रोज पसरत जाते, कडेची कातडी ताणलेली आणि चकचकीत दिसते, बोटांनी चाचपलं की आत पातळ काहीतरी हलल्यासारखं लागतं, पू येतो तो पातळ पिवळा-हिरवट, आणि ताप, थंडी, गळून गेल्यासारखं वाटणं. दोन्हींत फरक करणं कधीकधी आम्हालाही एका भेटीत जमत नाही, मग एक-दोन दिवसांनी परत बघतो. पेनाने लालीच्या कडेवर हलकी रेघ काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून गेली का ते कळतं. साधी युक्ती आहे पण फार उपयोगी.

घरी काय करायचं: स्वच्छ कापड गरम पाण्यात बुडवून पिळून (चटका बसेल इतकं गरम नको) दहा-पंधरा मिनिटं शेक द्या, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी धुतलेलं कापड. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, तुम्हाला त्याची अडचण नसेल तर. आपोआप फुटलं तर सौम्य साबणाने धुवून कोरडी पट्टी लावा, आत काही खुपसू नका. वरून टूथपेस्ट, लसूण, असले-तसले लेप अजिबात नकोत. सुजलेल्या कातडीवर त्याने भाजतं आणि मग काळा डाग गाठीपेक्षा जास्त दिवस टिकतो. आणि ते मिक्स क्रीम, ज्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध एकत्र असतं, ते तर चेहऱ्याच्या आसपासही आणू नका.

ह्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवाच. आणि खालीलपैकी काही झालं तर उद्याची वाट न बघता लगेच इमर्जन्सीला जा: ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर, लाली झपाट्याने पसरणं, डोळ्याची पापणी सुजणं, एकाची दोन दिसणं किंवा डोळा हलवताना दुखणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, जबरदस्त डोकेदुखी, मान आखडणं, ग्लानी. डायबेटिस असेल, केमो चालू असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर ह्यातलं काही नसतानाही लवकर जायचं.

सांगकाम्या:

साबणफेस, सगळं मान्य, पण मला गालावर असंच झालं होतं आणि अँटिबायोटिकचा कोर्स घेतल्यावर दोन दिवसांत उतरलं. मग "जंतूंचा हात नसतो" कसं म्हणता? आणि खोडरबर यांच्या मिस्टरांनी चूक काय सांगितलं, गोळ्या घरात आहेतच की. डॉक्टरकडे जाऊन तेच लिहून देणार.

साबणफेस:

सांगकाम्या, प्रश्न रास्त आहे. दोन शक्यता. एक, तुम्हाला खरंच जंतुसंसर्ग होता आणि औषध लागू पडलं. दोन, सूज तशीही उतरणार होती आणि त्याच वेळी गोळ्या चालू होत्या. शिवाय डॉक्सिसायक्लिनसारखी काही अँटिबायोटिक जंतू मारण्यापलीकडे सूजही कमी करतात, मुरुमांना आम्ही ती बऱ्याच अंशी त्यासाठीच देतो. त्यामुळे फरक पडला म्हणजे इन्फेक्शन होतं हे सिद्ध होत नाही.

इन्फेक्शियस डिसीझेस सोसायटी ऑफ अमेरिका ह्या संस्थेने 2014 मध्ये त्वचेच्या संसर्गांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात सुजलेल्या एपिडर्मॉइड सिस्टसाठी मुख्य उपाय म्हणून चीर देऊन आतला माल काढणं सांगितलंय, पू कल्चरला (म्हणजे जंतू वाढवून ओळखायला) पाठवायची गरज नाही असं म्हटलंय, आणि अँटिबायोटिकचा निर्णय ताप, नाडी वगैरे शरीरभराच्या लक्षणांवर सोडलाय. म्हणजे कोणालाच देऊ नका असं नाही. लाली पसरतेय, ताप आहे, प्रतिकारशक्ती कमी आहे, अशांना देतातच.

कपाटातल्या चार गोळ्यांबद्दल: त्या कशासाठी दिल्या होत्या? लघवीच्या इन्फेक्शनसाठी दिलेली गोळी कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूला लागू पडेलच असं नाही. आणि चार गोळ्यांनी कोर्स पण होत नाही. बाई गरोदर असेल तर काही अँटिबायोटिक चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन त्यातलंच. बंद खोलीत पू साठला असेल तर गोळीचं औषध तिथे नीट पोचतही नाही, पू बाहेर काढावाच लागतो. त्यामुळे "तेच लिहून देणार" हे दर वेळी खरं नसतं.

दंतकथा:

मध्येच तोंड घालतो, दातांचा डॉक्टर आहे. हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला एखादी पुळी किंवा गाठ असेल, ती फुटते, थोडं वाहतं, भरते, परत फुटते, आणि महिनोन्महिने क्रीम, अँटिबायोटिक चालू असूनही जात नाही, तर एकदा दाताचा एक्सरे काढून घ्या. मुळाशी पू झालेला दात हाडातून वाट काढत थेट कातडीवर तोंड काढतो. गंमत म्हणजे दात दुखतोच असं नाही कारण आतली नस आधीच मेलेली असते, आणि पू निचरून जात असतो म्हणून दाबही नसतो. असे पेशंट चेहऱ्यावर दोनदा कापून घेऊन मग आमच्याकडे येतात. रूट कॅनाल केलं किंवा दात काढला की ती वाट बहुतेक वेळा स्वतःच बंद होते, कातडीवर काही करावं लागत नाही.

खोडरबर यांची गाठ सरकते म्हणाल्यात, तर त्यांचं हे नसावं. दाताची जी असते ती खाली हाडाला चिकटलेली लागते, कातडी तिथे आत ओढल्यासारखी दिसते. पण हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहिलं.

दुपारझोप:

हे माहीतच नव्हतं! एका ओळखीच्यांना हनुवटीवर अगदी असंच आहे, कित्येक वर्षं ट्यूब लावतायत. पाठवतो त्यांना लिंक.

खोडरबर:

सगळ्यांचे खूप आभार. सुई बाद! बहिणीला पूर्ण धागा वाचायला लावला. आता ती म्हणते नाकाजवळची पुळी फोडली की मेंदूत जातं असं आजी म्हणायची, ते खरं का? माझी कानाजवळ आहे, मग चालतंय की नाही? (तिचा सुईचा हट्ट अजून गेलेला नाही बहुतेक.)

साबणफेस:

आजी बरोबर होती. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन कोपऱ्यांपर्यंत जो त्रिकोण होतो, त्या भागातल्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून आत डोळ्यांच्या मागे असलेल्या कॅव्हर्नस सायनस नावाच्या शिरेच्या जागेशी जोडलेल्या असतात. तिथलं रक्त उलट्या दिशेनेही जाऊ शकतं, त्यामुळे जंतू तिथवर पोचले तर गुठळी होते, जिवावर बेतू शकतं. अँटिबायोटिक आल्यापासून हे फारच दुर्मिळ झालंय, प्रत्येक पुळीला घाबरायचं कारण नाही, पण नाक आणि वरच्या ओठावरची पुळी किंवा गाठ दाबायची नाही हा नियम आम्ही आजही पाळायला सांगतो. वर मी डोळ्यांची जी लक्षणं लिहिली ती ह्याच कारणाने.

तुमची त्या त्रिकोणात नाही. तरी सुई नाही म्हणजे नाही, सांगा बहिणीला. कारण कानाच्या पुढे दुसऱ्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पॅरोटिड, लाळेची मोठी ग्रंथी. तिची गाठ कातडीच्या खाली खोल असते, वरची कातडी तिच्यावरून मोकळी सरकते आणि काळा ठिपका नसतो. दुसरं, काही जणांना जन्मापासून कानाच्या अगदी पुढ्यात बारीक भोक असतं, त्याच्या खाली नळी असते आणि ती नळी अशीच सुजते, पू येतो. तिचं ऑपरेशन वेगळ्या पद्धतीने करावं लागतं, नळी पुरती निघाली नाही तर परत परत होतं. तुमचा ठिपका जन्मापासूनचा होता का हे घरी कोणाला तरी विचारून ठेवा, डॉक्टर विचारतील.

टाकेवाला:

जनरल सर्जन. साबणफेस मॅडमनी बहुतेक सगळं सांगून झालंय, मी फक्त कापाकापीपुरतं बोलतो.

सुजलेल्या अवस्थेत पूर्ण सिस्ट काढायचा हट्ट सर्जनकडे धरू नका. पेशंट म्हणतात एकदाच काय ते काढून टाका, पण त्या वेळी पिशवीची भिंत इतकी पिचपिचीत झालेली असते की हातात धरली की तुकडे होतात, कुठला तुकडा राहिला ते कळत नाही, आणि राहिला की दुपारझोप यांच्यासारखं परत होतं. शिवाय सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, तिथलं मांस आंबट झालेलं असतं त्यामुळे औषधाचा जोर पडत नाही, पेशंट ओरडतो, रक्तही जास्त येतं. आणि चीर मोठी घ्यावी लागते. म्हणून पू असेल तर आत्ता फक्त छोटी चीर देऊन निचरा, आणि सगळं थंड झाल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, पिशवीसकट काढायची. दोन टप्पे ऐकायला कंटाळवाणे वाटतात पण चेहऱ्यावर तेच बरं दिसतं.

शांत झालेल्या सिस्टचं ऑपरेशन छोटं असतं, जागेवर भूल देऊन, त्याच दिवशी घरी. ठिपक्याभोवती होडीच्या आकाराची चीर घेतो, ती चेहऱ्याच्या नैसर्गिक सुरकुत्यांच्या दिशेने, म्हणजे व्रण सुरकुतीत लपतो. लहान सिस्ट असेल, आधी फुटलेली नसेल, तर अगदी तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडून आधी माल काढून टाकतात आणि मग रिकामी पिशवी त्यातूनच ओढून घेतात, त्याचा व्रण खूपच लहान राहतो. पण एकदा सुजून गेलेल्या सिस्टला ते दर वेळी जमत नाही, आजूबाजूला ती चिकटलेली असते. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत काढतो, जास्त ठेवले तर टाक्यांच्याच खुणा राहतात.

कानापुढे आणि जबड्याच्या कडेला चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या जातात. जबड्याच्या कडेची फांदी दुखावली तर हसताना खालच्या ओठाचा कोपरा वाकडा होतो, कानापासून भुवईच्या टोकाकडे जाणारी दुखावली तर भुवई उचलत नाही. सिस्ट सहसा त्या नसांच्या वरच असते म्हणून घाबरू नका, पण म्हणूनच हे काम ज्याला चेहऱ्याची सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या. सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन, कोणीही चालेल, चेहऱ्यावर नेहमी करतो का एवढं विचारायला लाजू नका.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवली का हेही विचारा. सिस्टमध्ये कॅन्सर निघणं फार फार क्वचित, पण उलटं होतं: म्हाताऱ्या माणसाच्या नाकावर किंवा डोळ्याजवळ "सिस्ट" म्हणून सोडून दिलेली मोत्यासारखी चकाकणारी गाठ, जिच्यावर बारीक रक्तवाहिन्या दिसतात, मधूनमधून रक्त येतं, खपली धरते आणि बरी होत नाही, ती बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, निघते. उन्हात वर्षानुवर्षं काम केलेल्यांना जास्त.

जाता जाता, ह्या क्षुद्र गाठीने एका सर्जनला सरदारकी मिळवून दिलीय. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज ह्याच्या डोक्यावर अशीच पिकलेली सिस्ट होती, ती ॲस्टली कूपरने काढली आणि 1821 मध्ये त्याला बॅरोनेट केलं. तेव्हा ना भूल होती ना निर्जंतुकीकरण, म्हणजे राजाचा जीव गेला असता तर ह्याचं काय झालं असतं विचार करा. आम्हाला हल्ली पेशंट व्रण दिसतो म्हणून रागावतात.

शांत_कोपरा:

हाहा. पण ते मांस आंबट झालेलं असतं वाचून जेवणाची वेळ टळली माझी.

बरं एक विचारतो, मला मानेवर जी केसतुडं वारंवार होतात त्याचं काय? ह्याच धाग्यात घुसतोय, सॉरी.

साबणफेस:

शांत_कोपरा, वारंवार होत असतील तर आधी रक्तातली साखर तपासा, उपाशीपोटीची आणि एचबीएवनसी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर) दोन्ही. बऱ्याच लोकांना डायबेटिस असल्याचं केसतुडांमुळेच पहिल्यांदा कळतं. साखर ठीक असेल तर कधीकधी स्टॅफिलोकॉकस नाकपुडीच्या आत ठाण मांडून बसलेला असतो, तिथे लावायचं मलम असतं, पण ते तपासून मगच. टॉवेल, रेझर स्वतःचे वेगळे ठेवा.

खोडरबर:

अपडेट द्यायला आले. जाऊन आले स्किनच्या डॉक्टरांकडे. त्यांनी चाचपून सांगितलं की सिस्टच आहे, फुटलीय आतल्या आत, पू साठलेला नाही, लाली पण पसरत नाहीये, म्हणून चीर नको. जन्मापासूनचं भोक नाही हे आईने सांगितलं होतं ते कामी आलं. त्यांनी गाठीत एक बारीक इंजेक्शन दिलं, ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड. तेव्हा चुणचुणलं, पण दुसऱ्या दिवशी ठणका बराच कमी, आज तर त्या कुशीवर झोपले. अँटिबायोटिक दिलंच नाही, नवरा जरा हिरमुसला. अवधाण पण उतरतंय.

सूज गेली की मग काढायची की नाही ते ठरवू म्हणाल्या. आता माझा प्रश्न: काढायलाच हवी का? मला मध्ये एका कार्यक्रमाला जायचंय, फोटो काढले जाणार, त्याआधी उरकू की नंतर? आणि त्या म्हणाल्या इंजेक्शनच्या जागी खड्डा पडू शकतो, तो कायमचा असतो का? विचारायचं राहिलं.

साबणफेस:

छान झालं. पू नसेल तर ते इंजेक्शन फार उपयोगी पडतं, खरं इन्फेक्शन असेल तर मात्र द्यायचं नसतं, म्हणूनच आधी चाचपणी. खड्डा पडलाच तर बहुतेक वेळा काही महिन्यांत भरून येतो, कातडीचा रंग थोडा फिका पडला तर तोही हळूहळू येतो. क्वचित राहतो. औषधाचं प्रमाण कमी ठेवलं की दोन्हीची शक्यता कमी.

काढायलाच हवी असं नाही. सिस्ट स्वतः निरुपद्रवी असते, ती परत कधी सुजेल ते कोणीच सांगू शकणार नाही, काहींची वर्षानुवर्षं शांत राहते. माझं मत विचाराल तर चेहऱ्यावरची, एकदा सुजून गेलेली, आणि तिथे सारखा हात जातो असं तुम्हीच सांगितलेली सिस्ट मी काढून टाकायला सांगेन. दर वेळच्या सुजेने आत जास्त चिकटत जाते आणि मग काढताना व्रण मोठा. पण कार्यक्रमाआधी घाई नको. एक तर सूज पूर्ण बसायला चार-सहा आठवडे द्यायचेत, आणि दुसरं, ताजा व्रण सुरुवातीचे काही महिने लालसरच दिसतो, पुरता मऊ आणि फिका व्हायला वर्ष लागू शकतं. आत्ताच्या सुजेचा जो तांबूस डाग राहील तो मेकअपने झाकता येतो. नंतर टाके निघाल्यावर त्या जागेला ऊन लागू देऊ नका, सनस्क्रीन रोज, नाहीतर व्रण काळा पडतो. आणि तुम्हाला किंवा घरात कोणाला जखमेवर जाड, वर आलेले व्रण येतात का ते ऑपरेशनआधी सांगा, तशी प्रवृत्ती असेल तर जबड्याच्या कडेला विचार करून चीर द्यावी लागते.

सांगकाम्या:

ठीक आहे, पटलं. माझी पण गाठ तिथेच आहे अजून, दाबून बघितलं तर कडक लागते.

दुपारझोप:

दाबून कशाला बघताय!!

पिंपळपान_७७:

उशिरा आले धाग्यावर. माझ्या भाच्याला, दीड वर्षाचा आहे, भुवईच्या बाहेरच्या टोकाला जन्मल्यापासून एक गोल गाठ आहे. लाल नाही, दुखत नाही, हळूहळू वाढतेय. ही पण सिस्टच ना? मोठा होईपर्यंत थांबलं तर चालेल का, की हेच इंजेक्शन मिळतं मुलांना?

टाकेवाला:

नाही, ते इंजेक्शन ह्याच्यासाठी नाही. भुवईच्या बाहेरच्या टोकाला जन्मापासून असलेली गाठ बहुधा डर्मॉइड सिस्ट असते. गर्भात चेहऱ्याचे भाग जुळून येताना कातडीचा तुकडा आत अडकतो, त्याची होते. ठिपका नसतो, आणि खालच्या हाडाला चिकटलेली असते म्हणून फारशी हलत नाही. भुवईवरची बहुतेक निरुपद्रवी असते, तरी मुलं पडतात धडपडतात, मार लागून फुटली तर सुजते, म्हणून सहसा लहानपणीच पूर्ण भूल देऊन काढतात. मात्र अशीच गाठ नाकाच्या मधल्या रेषेवर, नाकाच्या शेंड्यापासून दोन भुवयांच्या मध्यापर्यंत कुठेही असेल, विशेषतः तिच्यातून एखादा केस बाहेर आलेला असेल, तर तिला कोणीही सुई लावायची नाही की चीर द्यायची नाही, आधी एमआरआय. तिची वाट कवटीच्या आत गेलेली असू शकते. भाच्याला लहान मुलांच्या सर्जनना दाखवा, तातडीचं नाही, पण वर्षानुवर्षं लांबवू पण नका.

पिंपळपान_७७:

भुवईवरच आहे, नाकावर नाही. दाखवतो म्हणाली बहीण पुढच्या आठवड्यात. धन्यवाद.